चाळणीसरांनी निवडलेली पेटी

गेल्या रविवारी पडद्यावर बोलताना धाकट्याने विचारलं, आजी, तुझ्या डोक्यामागच्या फळीवर त्या बाटल्या कसल्या, आणि पहिली रिकामी का? मी म्हटलं, औषधाच्या. ते अर्धंच खरं होतं. बाटल्या औषधाच्याच आहेत, तुमच्या आजोबांच्या दवाखान्यातल्या, पण त्यांत औषध नाही. तेवढ्यात तुमचा बाबा ‘आई, प्रेशर मोजलंस का’ म्हणत मध्ये आला आणि विषय तिथेच राहिला. अर्धं उत्तर दिलं की मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. बत्तीस वर्षं मुलांचे पेपर तपासल्याचा हा परिणाम. म्हणून उरलेलं अर्धं लिहून पाठवते आहे. ते बाटल्यांबद्दल कमी आणि एका माणसाबद्दल जास्त आहे.

देऊळगाव राजाच्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची आणि ते विज्ञान. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. मुलं पाठीमागे त्यांना चाळणीसर म्हणत आणि सरांना ते ठाऊक होतं. त्यांचं घराणं मूळ रोहिणखेडचं, पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांचं. वडील ट्रंका करत, आजोबा धान्याच्या कोठ्या करत. पेट्या करायचं सोडून शिकलेले घरातले हे पहिलेच, पण बोटं पत्र्याचीच राहिली. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिची कड चाचपून पाहत.

आणि चाळत. मैदानाची माती, फळ्याखालची खडूची भुकटी, लेकरांनी घरून आणलेलं पीठ, सगळं चाळून काय वर राहतं आणि काय खाली जातं ते दाखवत. टपरीवरचा चहा ते खिशातल्या मलमलच्या फडक्यातून गाळून पीत. टपरीवाल्याला पहिल्या वर्षी त्याचा राग आला. दुसऱ्या वर्षापासून तो स्वतःच इतरांना सांगू लागला, की माझ्या चहात काय काय निघतं ते सरांना विचारा.

सरांचा दुसरा गुण म्हणजे निर्णय न घेणं. ‘थांबा बाई. पाहू,’ हे त्यांचं पालुपद. कुठलीही वस्तू घेण्याआधी ते तिला एक हंगाम देत. घराला रंग द्यायचा तर भिंतीवर पाच रंगांचे पट्टे मारून वर्षभर ठेवले होते. उन्हाळ्यात कुठला डोळ्याला लागतो, पावसाळ्यात कुठला उतरतो, ते बघायला. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, सांगत, ‘लग्नाच्या टायमाले यांईले चाळाले वेळ भेटला नाही. मले न पाहताच हाव म्हणाले. म्हणून तं जिंदगीत एक चीज बराबर निघाली.’ सर मान डोलावत. त्यांना विनोद कळायचा, फक्त हसायला उशीर लागायचा.

मी पुण्याहून लग्न होऊन इकडे आले तेव्हा हे ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ ऐकून मनात नाक मुरडायची, हे कबूल करते. पुढे माझ्या लक्षात आलं, की शाळेत मुलं सरांना त्याच बोलीत शंका विचारतात आणि मला फक्त उत्तरं देतात. तेव्हा नाक सरळ झालं.

आता कॉम्प्युटर. तुम्ही जन्मलात तसा तुमच्या बाबाने मला एक मोठा कॉम्प्युटर घेऊन दिला. आमच्याकडे त्याच्या खोक्याला सगळे सीपीयूच म्हणतात. हसू नका. ते खोकं जमिनीवर, टेबलाखाली ठेवलं होतं. आपलं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टेम्पो दारावरून जातात आणि फाटकापाशी तासन् तास उभे राहतात. रुईची लव हवेत तरंगते, पडद्यांवर बसते, जमिनीवर गोळे होऊन लोळते. दोन हंगामांत तो कॉम्प्युटर मेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं तेव्हा आत लहानशी उशी होईल एवढी रुई होती. दुसरा आणला, तोही तसाच गेला.

त्याच सुमारास, एका पावसाळ्यात, मी न्हाणीघरात घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच होते. हाड मोडलं नाही, पण तुमचा बाबा घाबरला. त्याने फोनवर सांगितलं, की पुण्याचा फ्लॅट रिकामा आहे, शेजारी सगळे नातेवाईक आहेत, तिथे जा. मी नाही म्हटलं. बरीच घासाघीस होऊन एक करार ठरला. दर रविवारी मी त्याला पडद्यावर दिसले पाहिजे, चालताबोलता, पूर्ण खोलीसकट. संक्रांतीला तो येईल. तोवर घरात चालू कॉम्प्युटर नसेल तर मी सामान बांधायचं. मोबाइल मला चालत नाही, माझ्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो. आणि लग्नाआधी टायपिंगच्या क्लासात जो कीबोर्ड बोटांत बसला, तसाच मला हवा असतो.

पुण्यात माझा जन्म झाला, तरी मला तिकडे का जायचं नव्हतं, हे तुमच्या बाबाला अजून कळलेलं नाही. पुण्यात मी कुणाची तरी काकू किंवा मावशी. इथे बँकेपासून बसस्टँडपर्यंत मी बाई.

मी सरांना सांगितलं. ते तेव्हा निवृत्त होऊन गावाबाहेरची आपली जुनीच चार एकर कपाशी करत होते. त्यांनी माझ्या टेबलाखाली पाहिलं, मग टेबलामागच्या उभ्या लाकडी कपाटाकडे पाहिलं. म्हणाले, ‘बाई, जमिनीवर ठेवाचं नाही. रुई खाली लोळते. वर खणात ठेवू. खण लहान हाय, मंग मशीन बी लहान घेऊ.’ लॅपटॉपला त्यांचा विरोध होता, कारण त्याचं पोट घरच्या घरी उघडता येत नाही. जालन्याच्या एका दुकानात सुटे भाग मिळतात, वीतभर लांबीरुंदीचा बोर्ड येतो, तो आपण जोडू. प्रश्न फक्त पेटीचा, असं त्यांचं म्हणणं. ट्रंकवाल्यांच्या घरात प्रश्न नेहमी पेटीचाच असणार.

दुकानातून त्यांनी तीन तऱ्हेच्या छोट्या पेट्यांची मापं लिहून आणली. एक आडवी चपटी, एक उभी अरुंद, एक चौकोनी ठोकळ्यासारखी. मला वाटलं, आता एक मागवतील. सरांनी पुठ्ठ्याच्या तिन्ही पेट्या केल्या, कडा पत्र्यासारख्या दुमडून, आणि पाळीपाळीने माझ्या खणात ठेवल्या. ‘घरात कशी राहते ते पाहू.’

मी रागावले होते, पण सांगते, त्यात तथ्य होतं. चपट्या पेटीवर दुसऱ्याच दिवशी कामाच्या मावशींनी धुतलेल्या कपांचा ट्रे ठेवला. सर म्हणाले, घरातली सपाट जागा रिकामी राहत नाही, आणि या पेटीला वाफ सोडायची भोकं वरच आहेत. ती बाद. उभी पेटी कपाटाचं दार आपटलं की आडवी व्हायची. ती बाद. ठोकळा टिकला. त्यासाठी आजोबांचा फोटो एक खण वर सरकवावा लागला, तेवढंच.

पण ठोकळ्यातही दोन प्रकार होते. एकाचं तोंड मोठ्या भोकांच्या पत्र्याचं. हवा खूप, मशीन थंड. दुसऱ्याच्या तोंडाला बारीक जाळी, काढून झाडता येणारी. रुई अडेल, पण हवाही अडेल, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. कुठली घ्यायची? सरांनी मेलेल्या दोन कॉम्प्युटरांचे पंखे काढले, माझ्या रस्त्याकडच्या खिडकीत स्टुलावर बसवले. एकापुढे रव्याची चाळणी लावली, म्हणजे मोठ्या भोकांची पेटी. दुसऱ्यापुढे मैद्याची, म्हणजे बारीक जाळीची. दर शनिवारी चाळणीवर अडलेली रुई चिमट्याने काढून सोनाराच्या काट्यावर तोलायची आणि बाटलीत भरायची. बाटल्या मी दिल्या. चाळण्या भाभींच्या स्वयंपाकघरातल्या होत्या. त्या न विचारता गेल्या, म्हणून त्यांनी आठवडाभर सरांना जाड्या कोंड्याच्या पोळ्या वाढल्या.

इथे कपाशीबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळणार नाही. बीटी कापूस म्हणजे ज्याला बोंडअळी खाऊ शकत नाही असं बियाणं, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्या बियाण्याच्या पाकिटात एक छोटी पुडी वेगळी यायची, साध्या कापसाची. ती शेताच्या कडेने पेरायची असते. अळ्यांना तिथे साधं खाणं मिळालं, म्हणजे त्या सगळ्याच्या सगळ्या बीटीतल्या विषाला सरावत नाहीत. ती पुडी बहुतेक लोक फेकून देत. सर पेरत. शेजारच्या शेतातले भाऊ बांधावर उभे राहून म्हणत, ‘सर अळ्याईले जेवाले बसवून राह्यले.’ सर उत्तर देत, ‘अळीले बी जागा पाहिजे, भाऊ. तिले तिची जागा नाही देल्ली तं ते तुमच्या घरात घुसते.’ माझ्या पेटीच्या जाळीबद्दलही त्यांचं मत अगदी हेच होतं. रुई येणारच. तिला थांबायला जागा द्या.

दिवाळी झाली. मी खिडकीतल्या दोन चाळण्यांकडे पाहत बसले. पहिला शनिवार, दुसरा, तिसरा. सर काटा घेऊन येत, चिमटा फिरवत, काटा हलत नसे. चाळण्या कोऱ्या. मला आधी वाटलं, पंखे बिघडले. मग मी एके सकाळी रस्त्याकडे नीट पाहिलं. रस्ता रिकामा होता. जिनिंगच्या फाटकाची एकच फळी उघडी होती आणि वॉचमन खुर्चीत पेपर वाचत होता.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. वर्तमानपत्रात मी रोज वाचत होते, तरी तोवर मला ते दिसलं नव्हतं. मला ते भाभींच्या मैद्याच्या चाळणीत दिसलं.

एका दुपारी मी भाभींबरोबर त्यांच्या शेतावर गेले. कपाशी बाहेरून हिरवी, बोंडं भरलेली. सरांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत पिवळट चिकटलेली कवडी, म्हणजे न फुललेला कापूस, आणि तिच्यात एक गुलाबी अळी, सुंदर म्हणावी अशी. शेजारच्या भाऊंनी आपल्या कपाशीत मेंढरं सोडली होती. ते बांधावर आले. मला वाटलं, आता सर काहीतरी ऐकवतील. पंधरा वर्षांची चेष्टा होती. भाऊच आधी बोलले, ‘सर, तुम्ही अळ्याईले बसवत होते. आमच्या इथं तं न बलावताच पंगत बसली.’

‘माझ्या इथं बी बसली,’ सर म्हणाले. ‘एकट्याच्या कडेनं काय होते.’

भाभींनी डब्यातली पोळी आम्हा तिघांत वाटली. त्या दिवशी पोळी मऊ होती.

संक्रांत पंधरा दिवसांवर आली. मी सरांना विचारलं, पेटीचं काय? ते म्हणाले, ठरवता येत नाही. चाळणीवर काही पडलंच नाही, तर माप कशावरून घ्यायचं? ‘हे साल खोटं हाय, बाई. खोट्या सालावर माप घेऊ नाही.’ पुढचा हंगाम पाहू.

मी रागावले की इंग्रजीत जाते, हे तुमच्या बाबाला विचारा. मी सरांना इंग्रजीत सांगितलं, की मी तुमच्या प्रयोगाची परीक्षानळी नाही. तुम्ही चार महिने पुठ्ठे दुमडत बसलात आणि आता माझं घर जायची वेळ आली. सरांना इंग्रजी कळत होतं. ते खाली मान घालून चाळण्या सोडवू लागले. तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि जे आधी मराठीत सांगायला हवं होतं ते मी शेवटी सांगितलं.

‘सर, मला इथून जायचं नाही.’

सरांचा हात थांबला. ‘मले वाटलं, तुमाले मशीन पाहिजे,’ ते म्हणाले. चाळण्या काखेत मारून ते गेले. थांबा, पाहू, असं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते जालन्याला गेले आणि दुपारी परत आले. पेटी मांडीवर घेऊन आले होते, वरच्या फळीवर ठेवू दिली नाही, असं कंडक्टरने नंतर मला सांगितलं. तो माझा विद्यार्थी. मी खोकं उघडलं. बारीक जाळीची पेटी. दुकानदार म्हणाला होता, यंदा कापूसच नाही तर धूळ कुठली, मोठ्या भोकांची न्या, थंड राहते आणि स्वस्तही आहे. सरांनी त्याचं ऐकलं नव्हतं.

‘मग कशावरून ठरवलं?’ मी विचारलं.

ते जाळी काढून, उजेडाला धरून, कड चाचपत होते. ‘ह्या सालावरून नाही घेतली,’ म्हणाले. ‘पुढच्या सालावरून घेतली.’

जोडणी आमच्या जेवणाच्या चटईवर झाली. बोर्ड, पंखा, डिस्क, सगळं त्या ठोकळ्यात असं बसलं की सर दोनदा स्वतःशीच हसले, तेही वेळेवर. मग पेटी उचलून खणात ठेवली आणि ती बसेना. पिना, वायरी, पडद्याचा प्लग, सगळं पाठीमागे बोटभर बाहेर येत होतं. चार महिने ती जागा मोजली होती. पुठ्ठ्याच्या पेटीला मात्र वायर लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘चार महिने पुठ्ठ्यासंग संसार केला. पुठ्ठ्याले शेपूट असते का?’

सरांनी पिशवीतून वडिलांची छिन्नी काढली. माझ्या सासूबाईंच्या कपाटाच्या पाठीला वीतभर लांब चौकट पाडली. ते कपाट शिसवीचं आहे. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेपूट आत गेलं होतं आणि त्या भोकाच्या कडेला पत्र्याची दुमडलेली पट्टी लावलेली होती, हाताला न लागणारी. तुमचा बाबा म्हणतो, ते भोक लाकूडफळी लावून बुजव. मी बुजवणार नाही.

संक्रांतीला तो आला. तीळगूळ खाल्ला, जाळी पाहिली आणि म्हणाला, आई, एवढी बारीक कशाला, धूळ तर काहीच नाही. सर खुर्चीत बसून होते. म्हणाले, ‘यील.’ तेवढंच. त्या रविवारी त्याने माझ्या खोलीत बसून तुम्हाला पडद्यावर बोलावलं. तुम्ही मला पाहिलंत आणि थोरल्याने विचारलं, आजी, तू कुठे आहेस? मी म्हटलं, घरी.

मे महिन्यात मशीन तापली, पंखा भुंग्यासारखा ओरडला. सर रोज दुपारी येऊन पेटीवर हात ठेवून बसत, जसं तापातल्या लेकराजवळ बसावं. पावसाळ्यात ते पुन्हा कपाशी पेरायला गेले आणि कडेची पुडीही पेरली. त्या वर्षी शेजारच्या भाऊंनीही पेरली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बांधावरून दिसतंच.

दिवाळीनंतर एका सकाळी रस्त्यावर ट्रॅक्टरचे आवाज सुरू झाले आणि थांबेनात. महिन्याभराने सर ब्रश घेऊन आले. त्यांनी जाळी ओढून बाहेर काढली. तिच्यावर रुईचा जाड थर बसला होता, गोधडीच्या तुकड्यासारखा. आत पंखा स्वच्छ होता. सरांनी तो थर अलगद उचलला, उजेडाला धरला. मला वाटलं, काही तरी म्हणतील. त्यांनी फक्त बाटली मागितली.

मी हाताशी होती ती आदल्या वर्षाची रिकामी बाटली पुढे केली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लेबल होतं, रस्ता, खिडकी, बारीक चाळणी, आणि साल. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. ‘ती राहू द्या. त्या सालचं माप तेच हाय. दुसरी द्या.’

तेव्हापासून दर हंगामाला एक बाटली. तीन वर्षांपूर्वी, कपाशी फुलात असताना, सर गेले. शेवटी आठ दिवस ते जालन्याच्या दवाखान्यात होते, आणि भाभी सांगतात की सलाईनची नळी हातात धरून ते आत जाळी कशी असते ते सिस्टरला समजावत होते. लेबलं आता मी लिहिते. अक्षर त्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न मी करत नाही. ते भाभींना आवडणार नाही.

माझी बोटं आता जाळीच्या खटक्याला पुरत नाहीत, म्हणून भाभी येतात. येत्या रविवारी आम्ही दोघी ती तुमच्यासमोरच काढणार आहोत. नीट पाहा. आणि हेही पाहा, की भाभी ज्या ब्रशने झाडतात तो सरांचाच आहे, आणि झाडून झाल्यावर त्या पेटीवर एकदा हात ठेवतात.

तुमचा बाबा यंदा पुन्हा पुण्याच्या फ्लॅटचं काढणार, मला माहीत आहे. त्याला सांगा, जिनिंगच्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत गाड्यांची रांग लागली आहे आणि आजीला जाळी झाडायची आहे.